बियाला राखलेली तवशी

तात्या गेल्याची बातमी मला कचेरीत कळली. त्यांच्या शाळेतला शिपाई दारात उभा राहून म्हणाला, "कल्याणला लेकीकडे होते, तिथंच पहाटे आटोपलं." मी मान हलवली आणि समोरची नक्कल पुरी करायला घेतली. वकिलाच्या कारकुनाला नक्कल अर्धी टाकता येत नाही, ती सवय अंगात मुरलेली. कोणाच्या तरी विहिरीच्या हद्दीचा तंटा होता. शेवटच्या ओळीला आलो तेव्हा अक्षरं दिसेनाशी झाली, आणि मग कळलं की आपला माणूस गेला. आता महिना उलटलाय. या वर्तमानपत्राचे चालक म्हणाले, "तुम्ही त्यांच्याबरोबर हिंडलात, चार शब्द लिहा." लिहितो. पण गोडगोड लिहिण्याची माझी तयारी नाही. तात्या सुखानं गेले नाहीत, आणि ते का, हे ठाण्यात मोजक्याच लोकांना ठाऊक आहे.

तात्या म्हणजे आमच्या मराठी शाळेतले दुसरे मास्तर. बुटके, तापट, आणि पायात कायम चिखल. रविवारी शाळा बंद असली की हे गृहस्थ घरी बसायचे नाहीत. आम्ही पाचसहा जण त्यांच्या नादी लागलो होतो. दोन मास्तर, कल्याणचा एक कंपौंडर, एक तारबाबू आणि मी. वस्त्यावस्त्यांतून जायचं आणि लोकांना भाजीपाला लावायला शिकवायचं, फुकट. लोकांना वाटे, यांचा काहीतरी डाव असणार. माझं म्हणाल तर मला बागेचं वेड कधीच नव्हतं. घरात आईचं आणि बायकोचं पटत नसे, म्हणून रविवारी मी बाहेर पडायचो, एवढंच. तात्यांना ते माहीत होतं. "बापू, घरातून पळून आलास ना, मग वेलांची आळी तरी नीट कर," असं म्हणून खुरपं हातात द्यायचे. एकेकट्यानं परसात केलेल्या बागेला ते बाग म्हणतच नसत. "एकट्याचा तो शौक," म्हणायचे. सगळ्या आळीनं मिळून एक मांडव घालायचा, पाणी पाळीपाळीनं घालायचं आणि भाजी वाटून घ्यायची, ही त्यांची पद्धत. आणि एक नियम ते लहान पोरांच्या पाढ्यासारखा घोकून घेत. वेलावर सगळ्यांत चांगलं धरलेलं फळ बियासाठी राखायचं. त्याला चिंधी बांधायची, म्हणजे कोणी चुकूनही तोडणार नाही. मग पाहुणा येवो की सण असो, त्याला हात लावायचा नाही.

नौपाड्याच्या पलीकडे खाडीकडे उतरलं की मिठागरं लागतात. तिथं मिठागरावर राबणाऱ्यांची एक आळी आहे. पावसाळ्यात मीठ पिकत नाही, हाताला काम नसतं, आणि जमीन खारी, त्यामुळे तिथं काही उगवतही नाही असं आम्ही धरून चाललो होतो. उगवत होतं ते एकच. चांगुणाबाई म्हणून तिथली एक म्हातारी, तिच्या सासरहून आलेलं तवशाचं बी त्या खाऱ्या मातीतही धरायचं. तवसं म्हणजे पावसाळ्यातली ती दांडगी काकडी. पिकून पिवळी झाली की कोकणातले लोक आढ्याला टांगून ठेवतात ती. पण त्या आळीतलं तवसं काही वेगळंच. खाऱ्या पाण्यावर वाढलेलं आणि आतून गोड. कोवळं कापून नुसतं मीठ लावून खाल्लं की जेवण नको वाटावं. भुईवर भरतीच्या पाण्यानं वेल कुजायचे, म्हणून तात्यांनी आळीकडून उंच मांडव घालून घेतला. दोन वर्षांत त्या मांडवावर एवढी तवशी धरली की आळीनं खाऊन बाजारातही नेली. तात्यांना मी एवढं खुशीत कधी पाहिलं नव्हतं. सभ्य माणसासारखे हसले एकदोनदा.

दरसाल ठाण्यात फुलाफळांचं आणि भाज्यांचं प्रदर्शन भरे. बक्षिसं ठरलेली. बंगलेवाले मिळवायचे आणि त्यांचे माळी मागं उभे राहायचे. तात्यांच्या डोक्यात आलं की मंडळींनी मिळून केलेल्या बागेलाही बक्षीस असावं, आणि ते देताना राबणाऱ्या प्रत्येकाचं नाव मोठ्यानं घेतलं जावं. अर्ज मी लिहायचो, जोडे तात्या झिजवायचे. प्रदर्शनाच्या कमिटीचा नन्नाचा पाढा काही वर्षं चालला. शेवटी एक साहेब जरा बरा निघाला आणि म्हणाला, ठेवा. एक चांदीचा बिल्ला आणि सर्व नावांचं वाचन. अट एकच, एका जातीचे उत्तम असे तीन नग मांडायचे. तात्या त्या दिवशी माझ्या घरी येऊन आईच्या हातचे पोहे खाऊन गेले. "बापू, या लोकांची नावं आजवर मिठागराच्या मुकादमानंच घेतली आहेत, तीही शिवी जोडून," म्हणाले. त्यांना दुसरं काही नको होतं. एवढंच हवं होतं.

आणि नेमकं त्याच वर्षी आभाळ फाटलं. पहिली पेरणी वाहून गेली. घराघरांत गाडग्यातल्या राखेत जपलेलं बी होतं, ते दुसऱ्या पेरणीला गेलं. त्यातलेही वेल सडले. भाद्रपदात साऱ्या मांडवावर चांगली म्हणावी अशी तीन तवशी उरली होती, तिन्ही हिरवी, आणि तिन्हींना चिंध्या बांधलेल्या. प्रदर्शन खरं तर पुढं होतं, तोवर ती पिकली असती. पण साहेबाची बदली ठरली आणि प्रदर्शन अलीकडे ओढलं गेलं. आम्ही मांडवाखाली उभे होतो. तात्या वर बघत होते. चांगुणाबाई म्हणाली, "मास्तर, ही बियाची हायत. घरात दुसरं बी नाय." तात्यांनी एका तवशाची चिंधी चिमटीत धरली. मग म्हणाले, "मांडून झालं की मी स्वतः परत आणतो. आढ्याला टांगू. पिकतील त्यातलं काही. तुमची नावं एकदा घेतली जाऊ देत." ती म्हातारी विळा आणायला आत गेली. मास्तरांचा शब्द होता ना. चिंध्या तात्यांनी सोडल्या, स्वतःच्या हातानं.

प्रदर्शनाचा दिवस मात्र असा झाला की काय सांगू... आळीतली सगळी माणसं धुतलेली लुगडी, धोतरं नेसून मागच्या बाजूला उभी होती. सेक्रेटरीनं नावं वाचायला सुरुवात केली. चांगुणा, गोमा, हिरा, लखू... एकेक नाव ऐकलं की ती व्यक्ती दचकायची, काही गुन्हा झाल्यासारखी, आणि मग हळूच हसायची. लखूच्या म्हाताऱ्या बापाला ऐकू येत नसे, त्याला सुनेनं कानात ओरडून सांगितलं, "तुमचं नाव घेतलं." तात्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. मी कारकून माणूस, हजार नावं लिहिली असतील, पण नावाची एवढी किंमत असते हे मला त्या दिवशी कळलं. ते खोटं नव्हतं. पुढं जे झालं त्यानं तो दिवस खोटा ठरत नाही, असं मी तात्यांना कितीदा तरी सांगितलं. त्यांनी मानलं नाही.

झालं असं की समारंभ उरकून आम्ही टेबलापाशी गेलो तर तिथं तवशी नव्हती. पट्टेवाल्यानं वहिवाटीप्रमाणे बक्षिसाच्या मालाची डाली, म्हणजे साहेबाला भेट द्यायची टोपली, सजवली होती, खाली केळीचं पान, वर फुलं, आणि ती साहेबाच्या बंगल्यावर रवाना केली होती. साहेबाला डाली द्यायची हे पोरालाही माहीत. तात्यांना माहीत नव्हतं असं नाही. त्यांच्या डोक्यातच आलं नाही. ज्या माणसाला आनंदानं काही सुचेनासं झालंय, त्याच्या डोक्यात येणार तरी कसं? ते बंगल्याकडे पळाले, मी मागं. स्वयंपाकघराच्या दाराशी बटलर भेटला. तो भला माणूस, त्यानं आत नेऊन दाखवलं. काचेच्या बशीत पातळ चकत्या मांडलेल्या, आणि मधला कोवळ्या बियांचा गर काढून टाकलेला, कारण मडमेला बिया चालत नसत. तात्यांनी तो गर उकिरड्यावरून गोळा करून पंच्यात बांधून आणला. पुढच्या पावसात पेरला. हिरव्या फळाचं बी ते, पाण्यासारखं. एक कोंब आला नाही. गणपती करायला गेलो आणि मारुती झाला, असं आपण हसत म्हणतो. हे हसण्यासारखं नव्हतं.

आळीनं तात्यांना एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं ते म्हणायचे. मग त्यांनी शोध सुरू केला. चांगुणाबाईचं सासर खाडीनं केव्हाच गिळलं होतं, माणसं पांगली होती. तात्या दर सुट्टीला निघायचे. दिवा, डोंबिवली, कल्याणच्या पलीकडची गावं, होडीनं घोडबंदरापर्यंत. कोणाच्या आढ्याला पिवळं तवसं दिसलं की आत शिरायचे, मागून चव घ्यायचे, आणि तोंड पाडून बाहेर यायचे. लोक त्यांना तवसेमास्तर म्हणू लागले. वहिनी, म्हणजे त्यांचं कुटुंब, एकदा मला म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही तरी सांगा हो यांना. काकडीसाठी कोणी असा जीव जाळतं का?" मला ठाऊक होतं की तो जीव काकडीसाठी जळत नव्हता. ज्यांना दहा वर्षं 'राखा' म्हणून शिकवलं, त्यांना आपणच 'कापा' म्हटलं, हे त्यांना गिळता येत नव्हतं.

असा एक श्रावण आला आणि चांगुणाबाईचा निरोप आला, "मास्तर, गावलं." आम्ही गेलो. मांडवावर तवशी लोंबत होती. भावाला कधीकाळी दिलेलं जुनं बी त्याच्या घरी निघालं, असं ती म्हणाली. तिनं एक कापलं, मीठ लावलं आणि तात्यांपुढं धरलं. सगळी आळी भोवती उभी. "कसं हाय?" तिनं विचारलं. तात्यांनी सावकाश चावून खाल्लं, डोळे पुसले आणि म्हणाले, "तेच आहे." काय आनंद झाला सगळ्यांना. परत येताना मी म्हटलं, "तात्या, सुटलात एकदाचे." ते चालत राहिले. मग म्हणाले, "बापू, हे कल्याणच्या बाजारातलं बी आहे. गेल्या साली मीच आणून त्यांना दिलं होतं, आळीत भाजी असावी म्हणून. या जमिनीत ते पाणचट होतं." मी म्हटलं, "मग तेच आहे म्हणालात ते?" "त्यांनी माझ्यासाठी एवढं केलं. नाही म्हणू?" पुढं दर श्रावणात हेच चाललं. ती विचारायची, "कसं हाय?" आणि हे म्हणायचे, "तेच आहे." आणि मग घरी येऊन दोन दिवस कोणाशी बोलायचे नाहीत.

आता कमिटीनं ठरवलंय की दरसाल तात्यांच्या नावानं बिल्ला द्यायचा, मंडळींनी केलेल्या उत्तम बागेला. मला बोलावलं होतं. मी म्हटलं, "नाव देताय, चांगलं आहे. मग नियम एवढाच करा की फळ तोडून आणायचं नाही. परीक्षकांनी मांडवाखाली जावं." ते हसले. साहेबलोक चिखलात कसे जाणार, म्हणाले. उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं ती. तीन नग, टेबलावर, पूर्वीप्रमाणे. तात्यांच्या नावानं. मी उठून आलो. भांडलो नाही, आणि त्याचा मला अजून राग आहे.

परवा मिठागराच्या आळीत गेलो. त्यांना कळलेलं होतंच. चांगुणाबाई आता वाकली आहे, ओट्यावर बसून होती. मी शेजारी टेकलो. मग तिनं हळूच विचारलं, "बापूराव, मास्तरांना कळलं होतं का? ते बी भावाचं नव्हतं म्हणून?" मी खोटं बोललो. "नाही," म्हटलं. "शेवटपर्यंत त्यांना तेच वाटत होतं." तिनं मान हलवली. मग ती उठली, काठी टेकत मांडवाखाली गेली. वेल वाळले होते, एकच तवसं राहिलं होतं, पिवळं, चिंधी बांधलेलं. तिनं चिंधी सोडली आणि ते कापून घेतलं. मी म्हटलं, "अहो, बियाचं ना ते?" ती म्हणाली, "आता कोणाला दाखवायचंय?" तिनं ते चिरलं, बियांसकट फोड केली, मीठ लावलं आणि माझ्यापुढं धरली. मी खाल्ली. "कसं हाय?" तिनं विचारलं.

"तेच आहे," मी म्हणालो.

"नाय, बापूराव," ती म्हणाली. "ते गोड होतं."