कणीक खरं बोलली होती

माझी शेवटची पोस्टिंग एका डोंगरी कॅम्पवर होती. जागेचं नाव सांगत नाही. उंची बारा हजार फूट. आमची रिपेअर डिटॅचमेंट लहानशी होती: सात माणसं, एक पत्र्याची शेड, एक वेल्डिंग सेट. माझा ट्रेड व्हेइकल मेकॅनिक. चार वर्षांची मुदत संपली आणि मला घरी पाठवण्यात आलं. आता भोपाळला, पिपलानीत वडिलांच्या क्वार्टरमध्ये राहतो आणि पत्रकं लिहितो. ही गोष्ट पत्रकात मावत नव्हती.

लिलावातली जुनी जीप घेऊन तिच्यात दुसरं इंजिन टाकणारे लोक भोपाळात बरेच आहेत. त्यांनी हे वाचावं. ज्या एका माणसाने खोटी साक्ष दिली त्यानेही वाचावं. पत्ता मला माहीत आहे, एक प्रत नेऊन देणार आहे.

दिवस साडेपाचला सुरू व्हायचा. रेडिएटरमध्ये गरम पाणी, मग एकेक गाडी स्टार्ट करून बघायची. नऊला फॉल-इन, हजेरीची रांग. त्यानंतर व्हीओआरचा आकडा वरच्या ऑफिसला कळवायचा. व्हीओआर म्हणजे व्हेइकल ऑफ रोड, बंद पडून उभ्या असलेल्या गाड्या. हा आकडा शून्य असला की सगळे खूश. सिव्हिलियन लोकांना वाटतं फौज गोळीला घाबरते. मी तिथे माणसं या आकड्याला घाबरताना पाहिली.

आमचे डिटॅचमेंट इन्चार्ज होते हवालदार ढोमणे. नागपूरचे. कामात एक नंबर. इंजिनाला कान लावून कोणता व्हॉल्व्ह वाजतोय ते सांगायचे. मला येतं ते सगळं त्यांनी शिकवलेलं आहे, हे आधीच लिहून ठेवतो. त्यांची सासुरवाडी भोपाळची. म्हणून भोपाळचा प्रत्येक जवान त्यांचा साळा. असे आम्ही दोघे होतो, मी आणि ड्रायव्हर लान्सनायक इरफान. फॉल-इनमध्ये ते उस्ताद, शेडमध्ये जिजाजी. बायकोने पाठवलेल्या डब्यातले लाडू आम्हाला आधी मिळायचे. "खा बे साळ्यांनो, तुमच्या बहिणीनं पाठवले आहेत."

इरफानचे वडील माझ्या वडिलांसारखेच भोपाळच्या वीजयंत्रांच्या सरकारी प्लांटमध्ये होते. वेल्डर. इरफान सगळ्यांशी अस्सल भोपाळी बोलायचा, साहेबांशीसुद्धा चुकून "को खां", म्हणजे 'काय भाऊ', निघून जायचं. तीनदा एक्स्ट्रा ड्यूटी लागली, सवय गेली नाही.

त्याच्याकडे एक जुनी पेट्रोल जीप होती. रेशन, पाणी, आजारी माणूस, सगळं तीच न्यायची. सप्टेंबरात तिचं इंजिन संपलं. ब्लॉकला तडा गेला, ओव्हरहॉल करण्यासारखं काही उरलं नाही. दोन पर्याय होते. एक, तिचंच जुन्या जातीचं पेट्रोल इंजिन खालच्या वर्कशॉपमधून मागवायचं. ताकद कमी, पण माउंटिंग, बेल हाउसिंग, रेडिएटर, सगळं जागच्या जागी बसलं असतं. यायला तीन आठवडे. दुसरा, स्टोअरमध्ये एका कंडेम, म्हणजे बाद केलेल्या गाडीचं डिझेल इंजिन पडलं होतं. चालू हालतीत. दणकट.

इन्स्पेक्शनला पाच दिवस होते. उस्तादांनी डिझेल निवडलं.

इंजिन निवडताना लोक हॉर्सपॉवर विचारतात. आधी विचारायला हवं की त्याच्या पोटाचा आकार कसा आहे. इंजिनाखाली तेल साठवणारं भांडं असतं, त्याला संप म्हणतात. आमच्या पेट्रोल इंजिनाच्या संपचा खोल भाग मागे होता. डिझेलचा पुढे. आणि फोर-बाय-फोर गाडीत नेमका त्याच्या खाली पुढचा एक्सल येतो, मधला लोखंडी गोळा फुगलेला. शिवाय डिझेल इंजिन जड. त्याच्या वजनाने पुढचे स्प्रिंगचे पाटे आधीच दबलेले. गाडी उभी असताना मधे दोन बोटं जागा दिसायची. उभी गाडी कुणालाही फसवते.

हे तपासायची पद्धत उस्तादांनीच शिकवली होती. एक्सलच्या गोळ्यावर कणकेचा उंडा थापायचा. गाडीत पूर्ण वजन भरायचं, खड्ड्यातून तीनदा काढायची, मग खाली शिरून कणीक बघायची. संप जेवढा खाली येतो तेवढा ठसा उमटतो. कणीक घट्ट हवी, नाहीतर ओघळते.

मी लंगरमधून, कॅम्पच्या स्वयंपाकघरातून, कणीक घेऊन आलो. इरफान टायरवर बसला होता.

"को खां, ये आटा किसलिए? केक बना रिये हो क्या?"

"तुझ्या जीपचं माप घ्यायचंय."

"अरे मियां, दर्जी बुलाओ फिर."

वाळूची दहा पोती मागे टाकली, दोन पुढच्या सीटवर. इरफानने जीप ड्रेनच्या खड्ड्यातून तीनदा काढली. तिसऱ्या वेळी खालून ठक आवाज आला. तो आम्ही दोघांनी ऐकला. मी टॉर्च घेऊन खाली गेलो. कणकेत संपचा कोपरा उमटला होता आणि तळाशी कणीक पापडाइतकी उरली होती. मी ती तशीच उचलून उस्तादांकडे नेली.

त्यांनी उजेडाकडे धरली. अंगठ्याने दाबली.

"चालते ना. रिकाम्या गाडीत जागा आहे."

"उस्ताद, भरल्या गाडीत लागतोय. माउंटिंगखाली पॅकिंग देऊन इंजिन इंचभर उचलावं लागेल."

"दोन दिवस जातात त्यात. परवा इन्स्पेक्शन आहे. साहेबाले व्हीओआर झिरो पायजे."

"मग?"

"मग इन्स्पेक्शन झाल्यावर देऊ पॅकिंग. तू काहून टेन्शन घेऊन राहिला बे साळ्या?"

आणि त्यांनी तो उंडा कॅम्पच्या कुत्र्याला टाकला. शेरू त्याचं नाव. दोन घासात संपवला. ट्रायल कार्डवर उस्तादांनी लिहिलं: फिटमेंट सॅटिसफॅक्टरी.

संध्याकाळी इरफानने विचारलं, "आटे ने क्या बोला?"

मी म्हणालो, "उस्ताद ओके बोलले."

"मैंने आटे का पूछा."

मी हत्यारं पेटीत भरू लागलो. ही माझी चूक आहे, ती मी लपवणार नाही.

इन्स्पेक्शन झालं. व्हीओआर झिरो. साहेबांनी उस्तादांचा हात हातात घेतला. पॅकिंगची मी दोनदा आठवण करून दिली. एकदा म्हणाले, उद्या. दुसऱ्यांदा म्हणाले, चालून राहिली ना गाडी?

अकराव्या दिवशी, सकाळी सव्वाअकराला, एका जवानाच्या पोटात असह्य कळा सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले अपेंडिक्स, ताबडतोब खाली न्या. हेलिकॉप्टरला हवामान नव्हतं. साडेअकराला इरफान निघाला. मागे स्ट्रेचर, नर्सिंग असिस्टंट, मदतीला दोन जवान, एक वायरलेस सेट. गाडी पूर्ण भरलेली. गेटवर मी उभा होतो. त्याने हात केला.

वाटेत एक नाला आहे, गोट्यांचा. त्याच्यापुढे चारशे मीटर असा रस्ता, जिथे वरून दगड सुटतात. बोर्ड लावलेला आहे, इथे थांबू नये.

पुढचं नर्सिंग असिस्टंटने नंतर मला सांगितलं. नाल्यात खालून दोनदा ठक वाजलं. इरफान हळू चालवत होता, फर्स्ट गिअर, पेशंटला धक्का नको म्हणून. नाला ओलांडून दगडांच्या पट्ट्यात शिरल्यावर ऑइल प्रेशरचा काटा पडला, संप फुटून तेल वाहून गेलं होतं. तिथे थांबता येत नाही, म्हणून तो थांबला नाही. पट्ट्याच्या मधोमध इंजिन जाम झालं.

त्याने चाकाला दगड लावला. स्ट्रेचरचं एक टोक स्वतः धरलं. चौघांनी मिळून पेशंटला पलीकडे सुरक्षित जागी नेलं. मग तो एकटा परत आला, कारण सेट गाडीत राहिला होता आणि सेटशिवाय दुसरी गाडी येणार नव्हती.

एक वाजून दहा मिनिटांनी आमच्या कंट्रोलवर आवाज आला. मी तिथेच होतो. उस्ताद माझ्या शेजारी.

"इंजिन जाम. पेशंट पार हो गया. दूसरी गाडी भेजो. ओव्हर."

ऑपरेटर म्हणाला, "रॉजर. गाडी निकल रही है. तू हट वहाँ से. ओव्हर."

"हट रिया हूँ. सेट खोल लूँ. और सुन, जीजा को बोल देना, आटा सही बोला था. ओव्हर."

उस्तादांनी सेटकडे पाहिलं. माझ्याकडे नाही.

ऑपरेटरने दोनदा कॉल दिला. उत्तर नाही. दुसरी गाडी घेऊन आम्ही पोचलो तेव्हा रस्त्याचा तो तुकडाच खाली गेला होता, जीपसकट. इरफान दुसऱ्या दिवशी नदीजवळ मिळाला. सेट त्याच्या पाठीवर होता, दोन्ही पट्टे बांधलेले. पेशंट वाचला. आजही ठणठणीत आहे.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. मी कणकेचं सांगितलं. चौकशी करणाऱ्या मेजरसाहेबांनी शांतपणे विचारलं, "वो आटा कहाँ है?"

"सर, कुत्ते ने खा लिया."

मागे कुणीतरी हसलं. माझ्या आयुष्यात मी इतकं खरं बोललो नव्हतो आणि ते इतकं खोटं कधी वाटलं नव्हतं.

मग उस्तादांना बोलावलं. सावधान उभे, इस्त्री केलेला युनिफॉर्म.

"ट्रायल में ऐसा कुछ देखा था?"

"नो सर."

"आटे का टेस्ट?"

"कौनसा आटा, सर?"

मी त्यांच्यापासून तीन पावलांवर होतो. वायरलेसच्या लॉगमध्येही ते वाक्य नव्हतं. ऑपरेटर म्हणाला, कामाचं तेवढं लिहितो, पर्सनल लिहीत नाही. जीप दरीत, संप दरीत. नर्सिंग असिस्टंटने फर्स्ट गिअर सांगितला, पण मागे बसलेल्याला गिअर कुठे दिसतो म्हणून ते सोडून दिलं. निष्कर्ष निघाला: नाल्यात वेगाने नेल्याने दगड लागून संप फुटला. ड्रायव्हरचा निष्काळजीपणा.

सुट्टीवर आलो तेव्हा इरफानच्या अम्मींनी मला बोलावलं. पिपलानीतच राहतात, आमच्यापासून दोन बसस्टॉप. फौजेकडून आलेलं इंग्रजी पत्र पुढे केलं, पढ़ दे बेटा. मी वाचत गेलो आणि तो शब्द आला तसा पुढच्या ओळीवर उडी मारली.

"बीच में एक लाइन छोड़ दी तूने," अम्मी म्हणाल्या.

मग वाचली.

त्या बराच वेळ पत्राच्या घडीवर बोट फिरवत राहिल्या. "लापरवाह? मेरा इरफान?" एवढंच. त्यांनी पैसा मागितला नाही, पदक मागितलं नाही. तो शब्द तेवढा काढून हवा आहे. तेव्हापासून मी अर्ज करतो आहे. दरवेळी उत्तर येतं, नवा पुरावा असल्यास सादर करावा. पुरावा म्हणजे एका माणसाचं एक वाक्य.

तो माणूस रिटायर होऊन भोपाळलाच आला. सासुरवाडीला. जवाहर चौकाच्या मागच्या गल्लीत गॅरेज टाकलंय. पाटीवर हिंदीत लिहिलंय: पुरानी जीप में सही इंजन. ती पाटी मी पाच मिनिटं उभा राहून वाचली.

आत लिफ्टवर एक जीप होती, चार इमली या अफसरांच्या वस्तीतल्या कुणा साहेबांची. साहेबांचा मुलगा समोर उभा, आणि ढोमणे त्याला समजावत होते. हे इंजिन नको, त्याचा संप पुढे आहे, एक्सलला लागेल. ते दुसरं घ्या, ताकद थोडी कमी आहे पण संप मागे आहे. आणि गाडी भरून चालवल्याशिवाय मी देणार नाही. मुलगा मान डोलावत निघून गेला. ढोमणे वळले.

"अरे! ये बे साळ्या."

मी लिफ्टखाली गेलो होतो. पुढच्या एक्सलच्या गोळ्यावर कणकेचा उंडा थापलेला होता. ताजा. घट्ट मळलेला.

"जिजाजी, हे काय आहे?"

"कणीक."

"कौनसा आटा, सर?"

त्यांनी पुसायच्या फडक्याला हात पुसले. पुसून झाल्यावरही पुसत राहिले. मी खिशातून कागद काढला. एकच वाक्य टाइप केलं होतं: ट्रायलमध्ये संप एक्सलला लागतो हे मला दाखवण्यात आलं होतं. खाली सहीची जागा.

त्यांनी वाचला. "आता काहून उकरून राहिला? तो परत येते का?"

"तो नाही येत. त्याच्या नावापुढचा शब्द जाईल."

"आणि माझ्या नावापुढचा? माझ्या डिस्चार्ज बुकात काय लिहिलं आहे, माहीत आहे तुले? एक्झम्प्लरी."

"माहीत आहे. त्याच्या पत्रात काय लिहिलंय ते तुम्हाला माहीत आहे?"

त्यांनी कागद बॉनेटवर ठेवला आणि त्यावर बारा नंबरचा पाना ठेवला, उडू नये म्हणून. सही केली नाही. मी कागद परत घेतला. गल्लीच्या तोंडापर्यंत आलो तर मागून हाक आली, "साळ्या, चहा तरी पिऊन जा." मी थांबलो नाही. माझी बहीण त्या घरात नाही. कधीच नव्हती.

या माणसाला माहीत नव्हतं असं असतं तर मी माफ केलं असतं. चूक कुणाकडूनही होते. पण आज तो अनोळखी पोराच्या हौसेच्या जीपलाही कणीक लावतो, आणि ज्याने त्याच्या घरचे लाडू खाल्ले त्याच्या वेळी कणीक कुत्र्याला टाकली. वर म्हणतो, कौनसा आटा. म्हणून हे सगळं लिहिलं आहे.

रविवारी मी लोकांच्या जीप तपासून देतो. इंजिन बदललं असेल तर मला कळवा, मी येतो. निघण्याआधी दोन बसस्टॉप पुढे जातो. अम्मी स्टीलच्या डब्यात कणीक तयार ठेवतात. पहिल्यांदा विचारलं होतं, कितनी सख़्त चाहिए? आता विचारत नाहीत. ठसा उमटला की तो उंडा मी फेकत नाही. जीपच्या मालकाच्या हातावर ठेवतो आणि हा ठसा कुणामुळे बघायला मिळाला ते सांगतो.

लान्सनायक इरफान. ड्रायव्हर. भोपाळ. वय अठ्ठावीस. गाडी फर्स्ट गिअरमध्ये होती. पेशंट पलीकडे पोचला. इंजिन त्याने निवडलं नव्हतं.