चावीचं मूळ आणि करपलेली बासुंदी

निवृत्त माणसाच्या हाती व्युत्पत्तिकोश देऊ नये. मी सातपूरच्या कंपनीतून निवृत्त झालो तेव्हा जावयाने तो भेट दिला, आणि तेव्हापासून आमच्या घरी साधा बटाटासुद्धा मुळासकट वाढला जाऊ लागला.

परवा त्याच जावयाचे आईवडील येवल्याहून पहिल्यांदाच आमच्याकडे जेवायला येणार होते. माझी बायको सुनंदा त्यांना आणायला स्टँडवर निघाली. जाताना बजावलं, "बासुंदी ढवळत राहा. आणि कुणाला शब्द शिकवू नका!"

मी ढवळतच होतो हो! पण समोरचे बोरसे दारात आले. "भाऊसाहेब, संध्याकाळी गावाला चाललोय. आमची चावी आहे ना तुमच्याकडं?" (आमच्या मजल्यावर रीतच आहे. त्यांची जादाची चावी आमच्या खिळ्यावर, आमची त्यांच्या.)

चावी! मी गॅस बारीक केला आणि बाहेर आलो.

"बोरसे, चावी आपली नाहीच! मूळ लॅटिन 'क्लाविस', तिची पोर्तुगीज 'चावे', मराठीत 'चावी', हिंदीत 'चाबी'..."

बोरशांच्या घरात टीव्ही किंचाळत होता. "ते दार ओढून घ्या बरं आधी!" मी म्हटलं. त्यांनी ओढलं. खट्! तेवढ्यात वाऱ्याने माझंही लागलं. खट्!

"घाबरू नका," बोरसे म्हणाले, "तुमची चावी आमच्याकडं आहे की!"

"कुठे?"

"आत."

"आणि तुमची?"

"तुमच्या आत!"

बोरशांच्या खिशात मोबाइल होता, हीच पूर्वपुण्याई. चावीवाला येईपर्यंत दाराखालून करपल्याचा वास यायला लागला. चावीवाल्याने लॅचकडे बघून मान हलवली. "काका, लय हट्टी कुलूप हाय."

"कुलूप म्हणजे मूळ अरबी 'कुफ्ल'..."

"भाऊसाहेब, गप बसा!" बोरसे ओरडले.

दार उघडलं, त्याच क्षणी लिफ्टही उघडली. विहीणबाईंनी धूर पाहिला. सुनंदाने मला पाहिलं.

व्याही सज्जन माणूस. बासुंदीविना पानावर बसताना म्हणाले, "असू द्या हो. पण झालं तरी काय?"

काय सांगणार? सातासमुद्रापलीकडून चावी नाशकापर्यंत आली. मला ती खिळ्यावरून खिशापर्यंत आणता आली नाही!