साकीनाक्याची पिवळी भिंत

गेली काही वर्षं रविवारची सकाळ मी कॅमेऱ्याला देऊन टाकली आहे. मी घाटकोपरला राहते, पण फोटोसाठी बहुतेक वेळा साकीनाक्याच्या मागच्या गल्ल्यांत जाते. रविवारी तिथली वर्कशॉप बंद असतात, रस्ता जरा मोकळा मिळतो.

एकदा तिथे मला एक पिवळी भिंत सापडली. बाजूच्या लोखंडी जिन्याची सावली तिच्यावर तिरकी पडली होती, पायऱ्या मोजता याव्यात इतकी स्वच्छ. आता फक्त कोणीतरी तिथून जायला हवं होतं. मी समोर उभी राहिले. अर्ध्या तासात दोन कुत्री गेली, बस्स.

बंद शटरपुढच्या ओट्यावर एक मावशी लसूण सोलत बसल्या होत्या. शेवटी त्यांना राहवेना.

"कोणाची वाट बघतंस गो?"

"कोणाचीच नाही, मावशी. भिंतीजवळून कोणी गेलं की फोटो काढणार."

"इतक्यासाठी उन्हात उभी? मगे मीच जातंय की!"

त्यांनी पदर सारखा केला, केसांवरून हात फिरवला आणि भिंतीला पाठ लावून ताठ उभ्या राहिल्या.

"चाला ना, मावशी."

"चालल्यावर फोटो हलात!"

काढला. अगदी आधारकार्डावरच्यासारखा आला.

तेवढ्यात जिन्याच्या वरच्या टोकाला त्यांचे यजमान आले. "अगो, कोथिंबीर आणूक पिशवी नको?" म्हणाले आणि पिशवी सरळ खाली टाकली. ती हवेत फुगली. मावशींनी दोन्ही हात वर केले, एक चप्पल सुटली, त्या यजमानांवर ओरडतही होत्या आणि हसतही होत्या. माझ्याकडून बटण कधी दाबलं गेलं ते मला कळलंच नाही. भिंत वाकडी आली होती, पण त्यांचे हात बरोबर सावलीच्या शेवटच्या पायरीवर होते.

पुढच्या रविवारी दोन्ही फोटो छापून नेले. दुसरा बघून मावशी म्हणाल्या, "ह्या काय! माकडासारखी नाचतंय!" त्यांनी ताठ उभ्या असलेला फोटोच घरातल्या भिंतीवर लावायचं ठरवलं. मला वाईट वाटलं नाही. त्यांना तसंच दिसायचं होतं ना.

दुसरा यजमानांनी उचलला, चष्मा लावून बराच वेळ बघितला.

"पिशवी झकास इली हा," ते म्हणाले आणि फोटो खिशात ठेवला.

मावशींनी घावणे केले होते. मी चार खाल्ले.