धुळानं गिळलेली चव

क्लबात धुळाला नावानं हाक मारणारे कमीच. सूतवाले व्यापारी सिद्धलिंगप्पा तर खुर्चीत बसल्या बसल्या ओरडायचे, "ए जीभ, इकडं ये!" मग धुळा हातातलं फडकं खांद्यावर टाकून पळत यायचा. आपली चेष्टा चालली आहे हे त्याला कळत नाही, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

मी सोलापुरातल्या त्या क्लबाचा स्टोअरकीपर. मिलचे अधिकारी आणि पेठेतले दोनचार पैसेवाले तिथं पत्ते खेळायला आणि परमिटावर प्यायला यायचे. धुळा सांगोल्याकडचा धनगर. बहात्तरच्या दुष्काळात त्याची मेंढरं चाऱ्यावाचून मेली आणि तो सोलापुरात आला. त्याला झाडलोटीला ठेवून घेतलं ते मी. हे उपकार मी फुकट जाऊ देणारा माणूस नव्हे. आठवड्यातून एकदा तरी विचारायचोच, "काय रे, तुला कामाला लावलं कुणी?"

"तुमी, अण्णा," तो म्हणायचा. प्रत्येक वेळी हात जोडून.

त्याची जीभ म्हणजे खरोखर नवल होतं. ज्या मुलखात पाणी नाही तिथल्या माणसालाच पाण्याची खरी चव कळते. साहेब लोक पाच पेले मांडायचे. धुळा एकेक घोट घ्यायचा आणि सांगायचा, "ह्ये हिप्परग्याच्या तळ्याचं. ह्ये भीमेचं. आन ह्ये आपल्या क्लबातल्या हिरीचं. मचूळ हाय, वरनं लिंबाचा पाला पडतुया म्हनून मागनं कडसर लागतं." कधी चुकला नाही. एकदा सिद्धलिंगप्पांनी पेल्यात धुण्याचं पाणी घातलं. धुळानं ते प्यायलं, तोंड वाकडं न करता म्हणाला, "ह्यात साबन हाय, साहेब." हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो.

धुळाला एकच गोष्ट हवी होती. क्लबाच्या मागं एक खोली रिकामी होती आणि खोलीच्या दारात नळ होता. कायम नोकराला ती मिळायची. त्याची बायको राजाबाई लहान पोरीला काखेत मारून तिकडं गावात टँकरची वाट बघत उभी राहायची. धुळा रोज संध्याकाळी त्या रिकाम्या खोलीचा नळ पिळून घट्ट बंद करून यायचा. थेंब गळलेला त्याला सोसत नसे. "अण्णा, खोलीचं साहेबांच्या कानावर घाला की," म्हणायचा. मी "बघू" म्हणायचो. घातलं मात्र कधीच नाही.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात क्लबाचा कारभार बघणाऱ्या मॅनेजरसाहेबांना कुणीतरी फ्रान्सची लाल वाइन आणून दिली. सिद्धलिंगप्पा म्हणाले, आमच्या गोव्याच्या लाल वाइनपुढं ती काहीच नाही. झालं, पैज लागली. रविवारी दुपारी दोन्ही वाइन धुळाला पाजायच्या आणि चांगली कोणती ते त्यानं सांगायचं. साहेबांनी त्यांची बाटली शुक्रवारीच माझ्या ताब्यात दिली. घरी एकदा चाखून त्यांनी बूच परत बसवलं होतं.

आता खरं सांगतो. शनिवारी कपाट उघडून मी ती तोंडाला लावली. पेला घेण्याइतकाही दम नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पेल्यात ओतणाऱ्या माणसाला एकदा तरी वाटणारच. पाव बाटली रिकामी झाल्यावर भानावर आलो आणि विहिरीचं पाणी घालून ती भरून ठेवली. धुळाची जीभ त्या वेळी मला आठवली नाही, इतका मी गाढव.

रविवारी धुळा हात जोडून म्हणाला, "साहेब, बिरोबाची आन हाय. दारूला मी शिवत न्हाई."

मी त्याच्या कानाशी लागलो. "खोली पाहिजे ना?"

त्यानं डोळे मिटले आणि गोव्याची वाइन प्यायली. "ही गोड हाय. काकवीत मनुका भिजवल्यागत. पोटात गेली तरी व्हटाला चिकटून ऱ्हाती." सिद्धलिंगप्पांनी मांडीवर थाप मारली.

मग दुसरी. साहेबांनी आणि सिद्धलिंगप्पांनी आधीच तिचा एकेक घोट घेतला होता. धुळानं ती बराच वेळ तोंडात धरली. "ही तुरट हाय. डाळिंबाच्या सालीगत जीभ वडून धरती. पर खरी हीच. पयली नुसती लाडीगोडी लावती, ही मागनं हळूहळू उमगत जाती." साहेब खूष झाले. पैज ते जिंकलेच होते. धुळानं तिथंच थांबायला हवं होतं. पण खोटं बोलायला त्याची जीभ शिकलीच नव्हती. "पर साहेब, ह्यात आपल्या हिरीचं पानी हाय. लिंबाचं कडू लागतंय. आन आनिक..."

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि पेला खाली ठेवला.

साहेबांचा चेहरा उतरला. सिद्धलिंगप्पा खदाखदा हसायला लागले. "पाणी घातलेली वाइन पाजता होय आम्हाला!" साहेब माझ्याकडं वळले. "रावजी, कपाटाची किल्ली कुणाकडं असते?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण माझं डोकं त्या वेळी भलतंच वेगानं चाललं. "माझ्याकडंच, साहेब. फक्त सकाळी झाडायला हा घेऊन जातो." मग सावकाश म्हणालो, "आणि विहिरीचंच पाणी आहे हे ज्यानं घातलं त्यालाच कळणार. आपल्यापैकी कुणाला कळलं का?"

सगळ्यांना ते पटलं. साहेबांनी धुळाच्या मुस्काटात मारली. सिद्धलिंगप्पांनी पानाचा डबा पुढं सरकवला. "आम्हाला चुना लावतोस काय? लावा रे ह्याच्याच जिभेला!"

दोघांनी त्याचे हात धरले. बोटानं चुना मी लावला. चांगला जाड लावला. त्यानं जीभ आत ओढून घेतली नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि नजर माझ्यावर होती. लोक हसत होते. मीही हसलो, सवय होती.

तासाभरानं, कामावरून काढलेला धुळा गाठोडं घेऊन फाटकाशी मी उभा होतो तिथं आला. जीभ सुजून तोंडात मावत नव्हती. शब्द तुटत तुटत बाहेर येत होते.

"अण्णा, त्यात लवंग बी व्हती."

वर्षभर माझी दाढ दुखत होती आणि गालात कायम लवंग असायची. त्या क्षणीही होती. क्लबात दुसरं कुणी लवंग चघळत नव्हतं.

"मग बोलला का नाहीस?" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यानं गाठोडं खाली ठेवलं आणि नेहमीसारखे हात जोडले. "मला कामाला लावलं कुनी? तुमी, अण्णा."

सांगोल्याच्या गाडीला अजून दीड तास होता आणि ऊन मी म्हणत होतं. त्याची जीभ जळत होती, हे मला दिसत होतं. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.