दिघेकाकांचा निळा कोट

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. ज्यांच्याबरोबर गेले नऊ हिवाळे खांद्याला खांदा लावून उभा राहतो, त्यांनाही नाही. आणि ज्या माणसाला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं, त्याला तर — पण ते ओघानं येईल. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी जमेल असं वाटतंय. बघू.

आधी छंदाचं सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी सर्कशीत आहे. कोलकात्यात आम्ही चौदा जण आहोत, नेपोलियनच्या काळातले फ्रेंच सैनिक होणारे. म्हणजे त्या काळासारखे कपडे करतो, तशी कवायत शिकतो आणि थंडीतल्या एखाद्या रविवारी सकाळी सॉल्ट लेकमधल्या एका क्लबच्या मैदानावर ती लोकांना दाखवतो. निळा लोकरी कोट, छातीवर पांढरे पल्ले, लाल कॉलर, डोक्यावर उंच काळी टोपी. फ्रेंचच का? तर इंग्रज व्हायला कुणी तयार होईना, एवढंच कारण. त्यामुळे आम्हाला शत्रूच नाही. आम्ही फुटबॉलच्या गोलपोस्टवर नेम धरतो. बंदुका लाकडी, कारण खऱ्यांचा परवाना या जन्मी मिळायचा नाही. गोळी सुटली की मागे एक जण ढोलावर थाप मारतो. डिसेंबरातसुद्धा दहा वाजले की त्या लोकरीत माणूस शिजतो. आणि फिरायला आलेले लोक थांबून विचारतात, "दादा, कार बिये?" — कुणाचं लग्न? त्यांना आम्ही बँडवाले वाटतो.

हसा. आम्हीही हसतो. पण तुम्हाला म्हणून सांगतो, त्या रांगेत उभं राहिल्यावर मला जे वाटतं ते दुसरीकडे कुठंच वाटलेलं नाही.

माझे वडील गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत प्यून होते. सातवी शिकलेले. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला — हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो, इथंही सांगितलं. आमच्या गटातले बाकीचे वकील, प्राध्यापक, डॉक्टर. त्यांच्या घरी आजोबांच्या वेळची पुस्तकांची काचेची कपाटं. मी त्यांच्यात कशाच्या बळावर टिकलो? वाचून. बाहीला बटणं किती, पट्टा कुठल्या खांद्यावरून, काज कसं — वाद झाला की सगळे माझ्याकडे वळायचे. सुबीरदा, आमचे म्होरके, कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेले — तेसुद्धा. मला ते "बोर्गी" म्हणतात. बंगालवर चालून आलेल्या मराठ्यांचं हे इथलं नाव. "बोर्गी आला, कोट लपवा," असं म्हणून सगळे हसायचे. मला ते आवडायचं. का नाही आवडणार?

कोट लपवा, कारण कोट तपासायचं काम माझं होतं. आणि नियमही माझाच — त्या काळी शिवणयंत्र नव्हतं, तेव्हा कोट पूर्ण हातानं शिवलेला हवा. दिसणारी शिवण आणि न दिसणारी, दोन्ही. हे मी लिहून काढून सगळ्यांना वाटलं होतं. लोकांनी त्यासाठी महिनोन्‌महिने बोटं टोचून घेतली.

माझा स्वतःचा कोट बेहालाच्या एका टेलरनं मशीनवर शिवलाय.

झालं एकदाचं लिहून. पण थांबा, कबुली ती नव्हे. ते तर त्यातलं सोपं.

मी प्रयत्न केला होता. तीनदा बाही लावली, तीनदा उसवली, ती पाठीकडेच वळायची. कार्यक्रम तोंडावर आला, मी कापड उचलून बेहाला गाठलं. नंतर वरून दिसणाऱ्या कडांना तेवढे हातानं टाके घातले. पहिल्याच दिवशी सुबीरदा कॉलरवरून बोट फिरवत म्हणाले, तू शिवलास? आणि मी म्हणालो, हो. त्या एका "हो"वर मी पुढे तपासनीस झालो.

आता दिघेकाका. बँकेत अधिकारी होते, बदलीनं इथे आले, मुलीनं इथेच लग्न केलं म्हणून निवृत्तीनंतरही राहिले. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झाली. बायको गेल्यावर एकटेच असायचे. मीच त्यांना गटात आणलं — खरं सांगायचं तर माझ्याशी मराठी बोलणारं एक माणूस त्या मैदानावर असावं म्हणून. त्यांचं बंगाली अगदीच तोडकंमोडकं. नेपोलियनबद्दल काही म्हणजे काही माहीत नाही. पण हातात कला होती. त्यांची आई लोकांचे कपडे शिवायची, तिच्याकडून ते हातटीप शिकलेले. एक टाका पुढे, अर्धा मागे, परत पुढे. अकरा महिने लागले त्यांना. मधेच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा महिनाभर सुई बंद. मला फोन करून म्हणायचे, "महेश, तुझ्या नेपोलियनला म्हणावं जरा दम धर."

दुर्गापूजेनंतर तपासणी ठेवली. क्लबातल्या टेबल टेनिसच्या टेबलावर आम्ही कोट मांडतो. त्या दिवशी सुबीरदांनी सहज सुचवलं — या वर्षी प्रत्येकाच्या कोटाचं अस्तर एका जागी उसवून आतली शिवण बघू या. जुन्यांचंही. बोर्गीचंही, म्हणाले, आणि हसले. बाकीचेही हसले. मीही.

तुम्ही कधी सगळ्यांबरोबर हसताना घामानं भिजला आहात?

पहिला कोट काकांचा होता, नवा म्हणून. अस्तर उसवलं. ती टीप इतकी सरळ होती, इतकी एकसारखी, की वकील असलेला तपन वाकून बघत म्हणाला, ही तर मेशीनची शिलाई. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

इथे तुम्हाला एक गोष्ट माहीत हवी. हातटीप आणि मशीनची टीप वरून सारखी दिसू शकते. मशीनची मात्र दोन्ही बाजूंनी सारखी असते. हाताची उलट बाजूनं बघितली की दोरे एकमेकांवर चढलेले दिसतात, सुंभाला पीळ असावा तसे. बाकीचे साधा धावदोरा घालणारे; हे त्या टेबलाशी फक्त मला माहीत होतं. आणि काकांना.

मी कोट उलटला. पीळ दिसला. स्पष्ट. सकाळचं ऊन खिडकीतून सरळ त्याच्यावर पडलं होतं. मला शंका आली नव्हती, चूक झाली नव्हती, घाई नव्हती. मी पाहिलं, आणि कोट पुन्हा सुलटा केला, आणि म्हणालो — मशीन.

का? मला ठाऊक होतं पुढे काय होणार. ही सभ्य माणसं. एका वयस्कर माणसाची अशी फजिती झाल्यावर दुसऱ्याच्या कोटाला कात्री लावणं त्यांच्या जिवावर येणार. तसंच झालं. सुबीरदांनी कात्री खिशात घातली, चहा मागवला. माझा कोट घडी घातलेलाच राहिला. आणि — हेही सांगून टाकतो — ते नुसत्या भीतीपोटी नव्हतं. मला तीनदा जमलं नव्हतं ते या माणसाला जमलं होतं.

काका माझ्याजवळ आले. हळू आवाजात, मराठीत, म्हणाले, "महेश, हातानंच घातलीय रे."

मी त्यांना बंगालीत उत्तर दिलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं. म्हणालो, नियम सगळ्यांना सारखा, काका.

त्यांनी वाद घातला नाही. कोट पिशवीत ठेवला, चहाही प्यायले. मला वाटलं, आता यायचे नाहीत. वाटलं म्हणजे — तशी आशा होती. ते आले नसते तर मी विसरलोही असतो बहुधा.

तीन आठवड्यांनी आले. कोट टेबलावर पसरला. पाठ, खांदे, बाह्या, सगळी शिवण त्यांनी उसवली होती आणि पुन्हा घातली होती. वाकडी. एक टाका लांब, एक तोकडा, मधेच ओळ सोडून गेलेली. चांगल्या हातानं मुद्दाम वाईट शिवलं की ते कसं दिसतं, सांगता येत नाही. चेहरा उजळलेला त्यांचा. म्हणाले, "तुझंच बरोबर होतं. मी विचार केला, सैन्यात हजारो कोट लागायचे. घाईत शिवणाऱ्या शिंप्याचा हात एवढा सरळ कशाला असेल? तू वाचलेलं आहेस, तुला लगेच कळलं. मी आपला आईला दाखवायला निघाल्यासारखा शिवत बसलो."

म्हणजे मी खोटं बोललो असेन, हे त्यांच्या मनात आलंच नव्हतं. माझ्या खोटेपणाला त्यांनीच अर्थ शोधून दिला होता, आणि तो माझ्या शिक्षणातून काढला होता. ज्या शिक्षणाचा मी तुमच्यापुढेही तोरा मिरवला.

तेव्हा सांगता आलं असतं. आम्ही दोघंच होतो, बाकीचे मैदानावर. मी कोट उलटा केला, सुलटा केला, नीट तपासल्यासारखं केलं. म्हणालो, "हं. आता जमलं."

त्या गोष्टीला चार वर्षं झाली. काका रांगेत माझ्या डाव्या हाताला उभे असतात, तोच कोट घालून. माझ्या कोटाचं अस्तर अजून कुणी उसवलेलं नाही. त्या सकाळनंतर तो विषयच कुणी काढला नाही. आणि नव्यांना शिवायला शिकवायचं काम आता काकांकडे आहे. आमच्यात त्यांच्याइतकी सुई कुणाच्याच हातात नाही, हे सगळ्यांनी ओळखलंय. ते आपल्या बंगालीत प्रत्येकाला बजावतात, "सोजा नॉय, एकटू बाँका" — सरळ नको, जरा वाकडं. बोर्गीला सरळ चालत नाही, असंही सांगतात. सगळे हसतात.

गेल्या रविवारी शाळेत शिकवणाऱ्या एक नवीन बाई पहिली बाही घेऊन आल्या. टीप सुरेख होती, अगदी एका रेषेत. काकांनी ती बराच वेळ हातात धरली, अंगठा फिरवला तिच्यावरून, आणि म्हणाले, खूप छान आहे, पण उसवावी लागेल. बाईंना ते पटेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काकांनीही पाहिलं.

मी मान हलवली. उसवा.