डॉक्टरांनी मला विचारलं होतं

हे मी कुणाजवळच बोलले नाही. पोरीजवळही नाही. आता तुमच्याजवळ बोलते, कारण गप्प राहायचाही थकवा येतो — येतो ना?

आमचं गाव मारेगावच्या बाजूला. गावातलं दारूचं दुकान मी बंद पाडलं. मतदान लागलं तेव्हा घरोघरी जाऊन बायांना सांगितलं, आडव्या बाटलीवर शिक्का मारा. मतं पडली, दुकान गेलं, माझा सत्कार झाला. तोंडाची मी फटकळच. कुणाचा नवरा झिंगत दिसला की चारचौघांत त्याची लाज काढायची.

आणि आमचे हे? हेही प्यायचे. बाहेर कुठे पिताना दिसले तर माझं नाक कापलं जाईल — म्हणून मीच आणून द्यायला लागले. तालुक्याच्या मोर्चाहून परतताना पिशवीत वर पत्रकं, खाली बाटली. दिवेलागणीला दार लोटून मीच ओतायचे. निदान डोळ्यांसमोर आहेत, अशी मनाची समजूत घालायचे.

मग यांचं पोट फुगलं, पाय सुजले. दवाखान्यात सोबत आमच्या दारूबंदीच्या गटातल्या बाया आल्या होत्या. त्यांच्यादेखत डॉक्टरांनी मला विचारलं, "दारू घेतात का?"

मी म्हटलं, "थेंबही नाही."

यांनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर दुसरीच कारणं शोधत बसले, आणि मी — मी बाटली आणतच राहिले. रक्ताची उलटी झाली तेव्हा थांबले. तेव्हा तरी खरं सांगता आलं असतं. सांगितलं का? नाही.

आता घरात दारू नाही. बिनमिठाचं जेवण, पोटातलं पाणी काढायच्या खेपा, संडास काळी झाली का हे रोज विचारणं. आक्रसलेलं लिव्हर पहिल्यासारखं होत नाही, म्हणतात डॉक्टर. हे मुकाट्यानं जेवतात. मला एका शब्दानं बोलत नाहीत, आणि मला तेच सोसवत नाही.

परवा शेजारची सुमन आली. तिचा नवरा रोज पितो. रडत म्हणाली, "ताई, समजावलं तं तो म्हन्ते, 'भाऊजीनं कधी थेंब नाई घेतला, तरी त्याईचं लिव्हर गेलंच ना? मंग मी कायले सोडू?' आता मी काय सांगू त्याले?"

त्याचे डोळे पिवळे पडलेत. मी पाहिलेत. एक वाक्य बोलले असते तर तिला उत्तर मिळालं असतं.

"समजावत राह्य," मी म्हटलं, आणि चहा ठेवला.