मामाचं इंग्रजी नाव

करडी गावाच्या पुढे जिथं शेतं संपतात आणि जंगल लागतं, तिथं एक तलाव आहे. त्या तलावाच्या पाळीवर धनीरामचं घर. पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणारं घराणं. माणूस तसा गुणी. पोहतो मरळीसारखा, जेवतो दोघांसारखा आणि भांडणात नेहमी तिसऱ्यासारखा बाजूला उभा राहतो. पण गावात त्याचं नाव आहे ते त्यानं कधीच न उच्चारलेल्या एका शब्दासाठी.

जंगलात जे पट्ट्यापट्ट्यांचं मोठं जनावर राहतं ना, त्याचं नाव धनीरामनं उभ्या जन्मात घेतलेलं नव्हतं.

हे त्याच्या बापाचं शिकवणं. म्हातारा जाळं विणता विणता सांगे, "पोट्ट्या, हातात जाळं असन अन् जंगलात पाय असन, तं त्याचं नाव घ्याचं नाही. नाव घेतलं का त्याले वाटते, आपल्याले बलावलं. अन् बलावलेला पाव्हणा काही उपाशी जात नाही."

बापानं अट घातली ती जंगलापुरती. धनीराम पडला सावध माणूस. त्यानं ती वाढवून घरात, बाजारात, एसटीत आणि भंडाऱ्याच्या दवाखान्यातसुद्धा लागू केली. त्या जनावराला तो म्हणायचा 'मामा'. शाळेत असताना गुरुजींनी राष्ट्रीय प्राणी कोणता म्हणून विचारलं. धनीराम उभा राहून म्हणाला, "मामा." त्यावर गुरुजींनी त्याला जो बदडला, त्याचं कारण वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं: पोरांनी गुरुजींना ठेवलेलं नावही तेच होतं.

त्याची बायको बेबीबाई. ती जुन्या चालीची, नवऱ्याचं नाव घेत नाही. बँकेत मॅडमनं विचारलं तर शेजारणीला कोपरानं ढोसते, "सांग ना वं, ह्याइचं नाव." म्हणजे बघा, त्या एका घरात दोन नावं तोंडातून काढायची नाहीत. एक जंगलातल्या मामाचं, दुसरं धनीरामचं. धाक मात्र फक्त पहिल्याचाच.

तर झालं असं की बेबीबाईच्या माहेरी, बपेऱ्याला, तिच्या बहिणीच्या मुलीचं लग्न होतं. बहिणीचा नवरा लिलाधर, म्हणजे धनीरामचा साडभाऊ. त्यानं नुकतीच बोलेरो घेतली होती आणि गाडीची किल्ली तो बोटात फिरवत हिंडत होता. हळदीलाही किल्ली, पंगतीतही किल्ली. भर मांडवात त्यानं बेबीबाईला विचारलं, "काय म्हणते करडी? आमचे साडभाऊ अजून झिंगेच पकडून राहिले का?"

आजूबाजूच्या बाया फिदीफिदी हसल्या. बेबीबाईच्या डोक्यात सणक गेली.

"झिंगे कायले पकडतीन भाऊजी? गाईड झाले ते आता. जंगलातले. फारेनचे लोक येतेत, त्याइले इंग्रजीत सांगतेत."

लिलाधरच्या हातातला गुलाबजाम हातातच राहिला. पण पट्ठ्या सावरला. "असं का? मंग एक डाव येतो आम्ही पाहाले."

वास्तविक धनीरामनं गाईड व्हायचं नुसतं मनात आणलं होतं, आणि तेही बेबीबाईनंच त्याच्या मनात आणून ठेवलं होतं. जंगलाच्या फाटकावर नवे गाईड घेणार होते. त्याआधी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये इंग्रजीचा वर्ग आणि शेवटी तोंडी परीक्षा. परतीच्या एसटीत बेबीबाईनं सांगून टाकलं, "अजी, मी तं बोलून बसली. आता तुमी पास नाही झाले, तं मले बपेऱ्याचा रस्ता बंद. आईच्या घरी जाऊन मी त्या किल्लीवाल्याचं हसणं ऐकाचं का?"

धनीराम वर्गात जाऊ लागला.

वर्ग घ्यायला भंडाऱ्याहून रश्मी मॅडम स्कूटीवर यायच्या. आल्या की हेल्मेट टेबलावर ठेवायच्या आणि 'गुड आफ्टरनून' म्हणायच्या. सगळ्यात मोठ्यानं उत्तर यायचं धनीरामचं. त्याला इंग्रजीची अशी काही गोडी लागली की विचारू नका. रस्त्यानं जाताना शेळी दिसली की तो थांबून बोट दाखवायचा, "धिस इज अ गोट." थोडं पुढे दुसरी दिसायची. "दॅट इज आल्सो अ गोट." शेळीवाल्याला वाटायचं, माणूस शेळी विकत घेतोय. तो भाव सांगायचा. धनीराम म्हणायचा, "थँक यू," आणि पुढे जायचा. घरी जेवताना म्हणायचा, "प्लीज गिव्ह मी वॉटर." बेबीबाई म्हणायची, "पाणी म्हणा, नाही तं तसेच बसा."

हरीण झालं, अस्वल झालं, रानडुक्कर झालं, मोर झाला. धनीराम धडाधड सांगायचा. मग एक दिवस मॅडमनी तो तक्ता लावला. तक्त्यावर ऐटीत बसलेले मामा.

"धनीरामकाका, व्हॉट इज धिस?"

धनीराम उठला. तक्त्याला मनोमन नमस्कार केला. म्हणाला, "बिग अंकल."

वर्ग जो हसला, जो हसला! बाकावरचे दोघे खाली आले. मॅडमनीही आधी ओढणी तोंडाला लावली, मग म्हणाल्या, "काका, नाव सांगा. इंग्रजी नाव."

"मॅडम, ते आमच्यात घेत नाहीत."

मागून अंकुश बोलला. अंकुश म्हणजे वर्गातला सगळ्यात वाचाळ पोरगा. त्याच्या आज्यानं छप्पन साली नागपूरहून येताना भुताखेतांचं गाठोडं तिकडंच टाकून दिलेलं, त्यामुळे त्याच्या घरी असल्या गोष्टींना थारा नाही. "काका, मराठीत नका घेऊ, बराबर. पण हे तं इंग्रजी हाये. करडीच्या जंगलातल्या जनावराले इंग्रजी काय समजते?"

धनीराम वळला. कीव आल्यासारखं त्याच्याकडे पाहिलं.

"अंकुश, बाबू, जिप्सीत बसून लोक येतेत, ते कोणत्या भाषेत बोलतेत?"

"इंग्रजीत. नाही तं हिंदीत."

"सकाळच्या फेरीले इंग्रजी, संध्याकाळच्या फेरीले इंग्रजी. तो पिल्लू होता तवापासून रोज ऐकून राहिला. फी नाही, पुस्तक नाही, दोन टाइम क्लास. तू इथं महिनाभर येऊन राहिला, तुले 'आय हॅव' का 'आय हॅज' ते समजत नाही. साऱ्या भंडारा जिल्ह्यात पक्कं इंग्रजी कोणाचं असन, तं त्याचं हाये!"

अंकुश वही उघडून 'आय हॅव' शोधू लागला.

"मराठीत नाव घेतलं," धनीरामनं शेवटचा खिळा ठोकला, "तं एखाद वेळ त्याले समजणारही नाही. इंग्रजीत घेतलं का शंभर टक्के समजते."

मॅडम बी.एड. होत्या, पण बी.एड.ला हा प्रश्न नव्हता. त्यांनी वर्ग सुटल्यावर त्याला बाजूला घेतलं. "काका, तुमचं सगळं छान आहे. पण परीक्षेत तो एक शब्द विचारणारच. गाईडला त्याच जनावराचं नाव घेता येत नसेल, तर साहेब पास कसं करतील? आणि हो, परीक्षा जिप्सीतच आहे. मागे पर्यटक म्हणून बसायला घरची दोन माणसं आणा."

धनीराम तोंड पाडून घरी आला. सगळं ऐकून बेबीबाईनं हातातलं सूप आपटलं.

"एक शब्द? एका शब्दासाठी माझं माहेर तोडता? जीभ झडते का तुमची?"

"झडत नाही. पण तू तं सांगूच नको. तू घेतलं का माझं नाव कधी?"

"ते वेगळं हाये!"

"काहून वेगळं? तू माझं घे, मी त्याचं घेतो."

बेबीबाईनं तोंड उघडलं. 'ध' ओठांपर्यंत आला असेल नसेल, तिचे कान लाल झाले आणि ती सूप उचलून अंगणात गेली. बोलणं तिथंच राहिलं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी फाटकावर बोलेरो येऊन थांबली. लिलाधर. बेबीबाईनंच बोलावलं होतं. पर्यटक तर हवेच होते, आणि पाहायचं तर एकदाचं पाहून घेऊ दे, असा तिचा हिशेब. लिलाधरनं काळा चष्मा लावला होता. बोटात किल्ली होतीच.

परीक्षा घ्यायला मधुकरराव नावाचे साहेब आलेले. नोकरीतून निवृत्त झालेले, पण कडकपणातून नाही. ते, बेबीबाई आणि लिलाधर जिप्सीच्या मागच्या बाकांवर बसले, तोंड पुढच्या रस्त्याकडे करून. पुढे ड्रायव्हरशेजारी धनीराम, मागच्या मंडळींकडे तोंड करून उभा.

सुरुवात झकास झाली. "सर, धिस इज स्पॉटेड डियर. शी इज व्हेरी अफ्रेड." "सर, दॅट इज पीकॉक. ही इज व्हेरी प्राउड." बेबीबाईला एक शब्दही कळत नव्हता, पण प्रत्येक वाक्यानंतर ती लिलाधरकडे पाहून घेत होती. लिलाधर किल्ली फिरवायचा थांबला होता.

एका वळणावर साहेबांनी गाडी थांबवली. झाडावरच्या पक्ष्याला दुर्बीण लावली. "बोला, हा कोणता?"

धनीरामनं तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. साहेबांच्या मागे, गाडी आली त्याच रस्त्यावर, बांबूच्या बेटातून मामा बाहेर आले होते. आले, आणि भर रस्त्यात ऐसपैस बसले.

"सर," धनीराम हळूच म्हणाला, "अंकल इज बिहाइंड यू."

साहेबांनी दुर्बीण काढली नाही. "हूज अंकल?" मग लिलाधरकडे वळून, "तुमचे का हो? परीक्षेला किती माणसं आणता!"

"माझे नाही," लिलाधर म्हणाला.

"एव्हरीबडीज अंकल, सर."

मग तिघांनीही मागं वळून पाहिलं.

लिलाधर एवढा मोठा गडी, पण दोन बाकांमधल्या चिंचोळ्या जागेत कसा मावला हे त्या जिप्सीच्या ड्रायव्हरला अजून उमगलेलं नाही. काळा चष्मा बाकावर राहिला. साहेबांच्या हातातली दुर्बीण मांडीवर पडली. पण आतला परीक्षक शाबूत होता. ते कुजबुजले, "नाव. नाव सांगा. नेम ऑफ द अॅनिमल."

धनीरामनं मान हलवली. नाही.

"मग मी पास करू शकत नाही."

मामा कान हलवून ऐकत होते. बायकोचं माहेर हातातून निसटताना दिसावं तसा धनीराम तिच्याकडे पाहत होता. आणि बेबीबाई? तिनं एकदा मामांकडे पाहिलं, एकदा पायाशी पडलेल्या भाऊजींकडे पाहिलं, डोळे घट्ट मिटले आणि म्हणाली,

"धनीराम! सांगा ना जी!"

मामांना पाहून धनीरामचा जीव घाबरला नव्हता एवढा आत्ता घाबरला. त्याचं नाव! तिच्या तोंडून! तो तांबडालाल झाला, लाजला, जिप्सीची दांडी धरून उगाच खाली पाहू लागला. पण बोली ती बोली. त्यानं घसा साफ केला, मामांकडे पाहून हात जोडले आणि शाळेत कविता म्हणावी तसं म्हणाला,

"टायगर, सर. सॉरी, सर."

दुसरं 'सर' कोणाला होतं ते साहेबांना कळलं नाही. मामा उठले, त्यांनी धनीरामकडे नीट निरखून पाहिलं आणि आळस देत बांबूत निघून गेले.

"गेला का?" खालून आवाज आला.

"गेला," बेबीबाई म्हणाली. "उठा भाऊजी, फारेनचे लोक तिथं नाही बसत."

धनीराम पास झाला. साहेबांनी शेरा दिला की असा शांत गाईड त्यांनी पाहिला नाही, कारण दुसरे गाईड जनावर दिसलं की स्वतःच आधी ओरडतात. फाटकावर अंकुश वाट पाहत होता. सगळं ऐकून त्यानं डिवचलंच, "काका, मंग? तुमच्या बाबाचं म्हणणं तं खोटं निघालं. नाव घेतलं तं तो आला नाही, उलट गेला!"

धनीरामनं विचार केला. "अरे, जो येऊनच बसला त्याले 'या' म्हटलं, तं त्याले राग नाही येईन का? म्हणून गेला. अन् एक सांग, इंग्रजीत बोललो अन् लगेच माझ्याकडे पाहिलं का नाही त्यानं? मी म्हणत नव्हतो, त्याले समजते म्हणून?"

बपेऱ्यात आता लिलाधर सांगतो की त्यानंच वाकून सगळ्यांना आडोसा दिला. त्याची बोलेरो करडीकडे फिरकत नाही. आणि धनीराम खाकी शर्ट घालून रोज जंगलात जातो, पर्यटकांना अंकल दाखवतो. तो शब्द पुन्हा त्यानं उच्चारलेला नाही. परीक्षेत एकदाच विचारतात, असं त्याचं म्हणणं.

बदल झाला तो घरात. पूर्वी बेबीबाईनं काही काम सांगितलं तर धनीराम ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. आता ती कमरेवर हात ठेवून फक्त एवढंच विचारते,

"घेऊ का नाव?"

आणि धनीराम पाण्याची कळशी घेऊन पळत सुटतो.